मोडीतील मोटारींचे ट्रॅक्टर : अमेरिका व स्वीडन येथील घरगुती शेतकी वाहनांचा इतिहास

शेतीच्या यांत्रिकीकरणाचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या नोंदींवरून लिहिला जातो. कोणत्या कंपनीने कोणत्या वर्षी किती ट्रॅक्टर बनविले, त्यांची किंमत काय होती व अश्वशक्ती किती होती, याची कोष्टके एकदा मांडली की विषय संपला, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल दिसतो. परंतु या कोष्टकांत जिला मुळीच जागा मिळत नाही अशी यंत्रांची एक जात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका, कॅनडा व उत्तर युरोप येथे शेताशेतांतून वावरत होती. जुन्या मोटारीचा अथवा मालमोटारीचा सांगाडा घ्यावा, तो कापून आखूड करावा, त्यावर दुसऱ्याच एखाद्या गाडीचा मागचा आस बसवावा आणि ते सर्व नांगराला जुंपावे, असा हा प्रकार होता. कधी त्यासाठी लागणारे सुटे भाग पेटीत भरून विकत मिळत, तर कधी गावचा लोहार व भंगाराचा ढीग एवढ्यावरच भागे. अशा यंत्रांची कोणी गणती केली नाही. त्यामुळे त्यांचा इतिहास जाहिराती, मालाच्या सूचिपुस्तिका, कायद्यांतील तरतुदी आणि शिल्लक राहिलेली यंत्रे यांवरूनच जुळवावा लागतो.

या प्रकाराचा उगम समजून घ्यावयाचा, तर अमेरिकेच्या १९२० च्या शिरगणतीतील दोन आकडे शेजारी ठेवून पाहावे लागतात. त्या वर्षी त्या देशात सुमारे ६४ लाख शेतवाड्या होत्या. त्यांपैकी शेकडा ३० वाड्यांवर मोटारगाडी होती. ट्रॅक्टर मात्र शेकडा ४ वाड्यांवरही नव्हता. म्हणजे शेतकऱ्याच्या दारी एंजिन आले ते नांगरासाठी नव्हे, तर बाजाराला व प्रार्थनामंदिराला जाण्यासाठी. आठवड्यातून एकदोनदा लागणारे ते एंजिन उरलेले दिवस छपराखाली स्वस्थ उभे असावे आणि शेजारच्या तबेल्यात घोडे मात्र दाणा खात असावेत, ही गोष्ट हिशेबी शेतकऱ्याच्या डोळ्यांत खुपणे साहजिक होते.

दारातील ती मोटार बहुधा फोर्डची ‘टी’ नमुन्याची असे. १९०८ ते १९२७ या काळात हिच्या दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या. चार नळकांड्यांचे सुमारे २० अश्वशक्तीचे एंजिन, व्हॅनेडियमयुक्त पोलादाचे हलके पण चिवट भाग आणि जमिनीपासून बरीच उंच बांधणी, हे तिचे गुण खडबडीत रस्त्यांसाठी योजिलेले होते. त्या काळच्या खेडेगावातील रस्ता व शेत यांत फारसा फरक नव्हता, असे म्हटले तरी चालेल. शिवाय सर्व गाड्या एकाच मापाच्या असल्यामुळे, एका गाडीला बसणारा जोड-भाग दुसऱ्या कोणत्याही गाडीला बसे. सुटे भाग पेटीत भरून दूरवर विकण्याचा धंदा नेमका याच एकसारखेपणावर उभा राहिला. निरनिराळ्या मापांच्या गाड्यांच्या बाजारात तो उभा राहणे शक्यच नव्हते.

पहिल्या महायुद्धाने या धंद्याला गती दिली. धान्याचे भाव चढले, घोडे व माणसे युद्धावर गेली आणि १९१६-१७ च्या सुमारास मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथील स्टाउडे, इलिनॉयमधील क्विन्सी येथील पुलफर्ड इत्यादी कंपन्यांच्या जाहिराती शेतकी नियतकालिकांतून झळकू लागल्या. या जोड-भागांची रचना साधी होती. मोटारीची मागची चाके काढावयाची व आसाच्या दोन्ही टोकांना लहान दंतचक्रे बसवावयाची. सांगाड्याला मागे एक जादा आस जोडून त्यावर दातेरी धावेची मोठी लोखंडी चाके चढवावयाची. ह्या मोठ्या चाकांच्या आतल्या कडेला दाते असत व लहान दंतचक्रे त्यांत अडकून फिरत. लहान चक्राने मोठे चक्र फिरविले की वेग घटतो आणि त्याच प्रमाणात ओढ वाढते, या जुन्या नियमावरच सारा डोलारा उभा होता. काम संपले की मूळची चाके पुन्हा चढवून त्याच गाडीतून गावाला जाता येई, असे विक्रेते आवर्जून सांगत.

जाहिरातीत न सांगितलेली अडचण अशी की, मोटारीचे एंजिन आणि ट्रॅक्टरचे एंजिन यांची कामे मुळातच भिन्न आहेत. रस्त्यावरील मोटारीला पूर्ण शक्ती चढावापुरती, म्हणजे काही मिनिटेच, लागते. नांगराला ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत लागते. ‘टी’ नमुन्याच्या गाडीत पाणी फिरविण्यासाठी पंप नव्हता. तापलेले पाणी आपोआप वर चढावे व थंड झालेले खाली यावे, एवढ्यावरच तिचे शीतन चाले. ताशी तीन-चार मैलांच्या चालीने धुळीतून नांगर ओढताना समोरून वारा लागत नसे व पाणी उकळू लागे. तेलाचीही तीच कथा. ते एंजिनाच्या तळाशी उडणाऱ्या तुषारांनी पसरे, आणि दीर्घ श्रमात ते पुरे पडत नसे. म्हणून शहाण्या कंपन्या जोड-भागांबरोबर मोठा शीतक, पंखा व तेलाची वेगळी योजना देऊ लागल्या. ज्यांनी दिली नाही त्यांच्या गिऱ्हाइकांचा नांगरही गेला व मोटारही गेली.

त्या वर्षांत फसवणूक केवळ जोड-भागांच्याच बाबतीत होती असे नाही. तयार ट्रॅक्टरांतही ती भरपूर होती. मिनेआपोलिस येथे फोर्ड आडनावाच्या एका माणसाला हाताशी धरून ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर काढण्यात आला. त्याचा हेन्री फोर्डशी काडीचा संबंध नव्हता. तो विकत घेऊन पस्तावलेला विल्मट क्रोझियर हा नेब्रास्काचा शेतकरी पुढे विधिमंडळात निवडून आला व त्याच्या खटपटीने १९१९ मध्ये तेथे ट्रॅक्टरांची सक्तीने चाचणी घेण्याचा कायदा झाला. त्या राज्याच्या विद्यापीठात १९२० पासून चाचण्या सुरू झाल्या आणि त्यांचे अहवाल पुढे साऱ्या जगात प्रमाण मानले गेले. हा कायदा विकावयाच्या ट्रॅक्टरांपुरता होता. स्वतःच्या वाडीत स्वतः जोडलेल्या यंत्राची परीक्षा फक्त त्याच वाडीतील जमीन घेई.

जोड-भागांच्या या पहिल्या पिढीचा अंत, विलक्षण योगायोगाने, हेन्री फोर्डनेच घडवून आणला. त्याच्या ‘फोर्डसन’ ट्रॅक्टरचे उत्पादन १९१७ मध्ये प्रथम ब्रिटनसाठी सुरू झाले व पुढच्या वर्षी तो अमेरिकन शेतकऱ्यांनाही मिळू लागला. १९२२ च्या आरंभी त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत खाली आणण्यात आली. या भावात कारखान्यातून सबंध ट्रॅक्टर मिळत असता, मोटारीची मोडतोड करण्याची हौस कोणाला उरणार? बहुतेक जोड-भाग कंपन्यांचे दिवस तेथेच भरले.

तथापि या पहिल्या पिढीतून निघालेला एक धागा फार दूरवर गेला. स्टाउडेचे जोड-भाग लावलेली फोर्ड मोटार ब्रिटनमध्ये ‘इरॉस’ या नावाने विकली जाई. तिच्यासाठी १९१७ मध्ये बेलफास्ट येथील हॅरी फर्ग्युसन नावाच्या तरुण यंत्रज्ञाने एक नांगर तयार केला. तोपर्यंतचे नांगर ट्रॅक्टरमागून साखळीने ओढले जाणारे, स्वतःच्या चाकांवर चालणारे व जड असत. फर्ग्युसनने आपला नांगर हलका ठेवून तो वाहनालाच जोडला आणि चालकाला बसल्या जागेवरून उचलता येईल असा केला. मोटारीपासून बनलेला ट्रॅक्टर वजनाने हलका, म्हणून त्याला जड नांगर झेपत नाही; तेव्हा नांगराचा भार व मातीचा दाब यांचाच उपयोग मागची चाके जमिनीला धरून ठेवण्याकडे करावा, असा हा विचार होता. पुढील वीस वर्षांत त्याच विचारातून तीन दुव्यांची जोडणी व द्रवचलित उचल सिद्ध झाली. १९३८ मध्ये फर्ग्युसन व फोर्ड यांच्यात तोंडी करार झाला आणि १९३९ मध्ये ही जोडणी असलेला त्यांचा ट्रॅक्टर बाजारात आला. जगातील बहुतेक ट्रॅक्टरांच्या पाठीशी आज जी तीन दुव्यांची रचना दिसते, तिचे पहिले पाऊल एका रूपांतरित मोटारीमागे पडले होते. यंत्रविद्येच्या इतिहासात या गोष्टीला द्यावे तेवढे महत्त्व अद्याप दिले गेलेले नाही.

१९२९ नंतरच्या मंदीने जुन्या सांगाड्यांना पुन्हा बोलावून आणले, पण यावेळी परिस्थिती वेगळी होती. शेतमालाचे भाव कोसळले; ३९५ डॉलरचा फोर्डसनही अमेरिकेत बनत नव्हता, कारण तेथील त्याचे उत्पादन १९२८ मध्येच थांबले होते. दुसरीकडे, वीस वर्षांत विकल्या गेलेल्या कोट्यवधी मोटारी आता जुन्या होऊन कवडीमोलाने मिळत होत्या. काही भागांत तर उलटाच प्रकार घडला. पेट्रोलला पैसा नाही म्हणून मोटारीचे एंजिन काढून टाकून तिच्या आसावर व रबरी चाकांवर छकडा उभारण्यात आला व त्याला खेचर जुंपले गेले. अमेरिकेच्या दक्षिणेत राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या नावाने, तर कॅनडात पंतप्रधान बेनेट यांच्या नावाने लोक या गाड्यांना उपहासाने ओळखत. म्हणजे एकाच दशकात एकाच प्रकारच्या मोडीतून कोणी जनावर वाचविले, तर कोणी जनावराच्या हवाली गाडी केली. पेट्रोल व दाणा यांपैकी काय स्वस्त पडते, यावर ते अवलंबून होते.

या दुसऱ्या पिढीच्या यंत्रांना अमेरिकेच्या ईशान्य भागात ‘डूडलबग’ हे नाव पडले. सीअर्स या टपालाने माल विकणाऱ्या प्रसिद्ध पेढीच्या सूचीत ‘काटकसरी शेतकरी’ अशा अर्थाच्या नावाने जोड-भागांची पेटी मिळे. कॅन्सस राज्यातील गेल्सबर्ग येथील शॉ कंपनीही असाच माल पुरवी. पण मोठा वाटा निखळ घरगुती बांधणीचा होता व तीत खेड्यातील कारागिराची समज पुरेपूर दिसते. प्रथम सांगाडा कापून आखूड केला जाई, कारण लांब गाडी शेताच्या बांधाशी वळत नाही. मोटारीचा मागचा आस टाकून देऊन मालमोटारीचा आस बसविला जाई. याचे कारण आकड्यांत सांगता येते. फोर्डच्या ‘टी’ मोटारीत चाकाच्या एका फेऱ्यास आसाचा दांडा ३.६४ वेळा फिरे, तर तिच्याच ‘टीटी’ या १९१७ पासूनच्या मालमोटारीत तो ७.२५ वेळा फिरे. केवळ आस बदलल्याने वेग निम्मा व ओढ दुप्पट होई.

एवढ्यानेही भागले नाही, तर एका गिअरपेटीमागे दुसरी गिअरपेटी जोडली जाई. ही युक्ती कोणी प्रथम केली हे सांगणे अशक्य आहे. ती अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असावी. पहिल्या पेटीत वेग तीनपट घटला व दुसरीत पुन्हा तीनपट घटला, तर एकूण घट नऊपट होते. गोगलगायीच्या चालीने का होईना, पण वीस अश्वशक्तीचे एंजिन मग झाडाचे खोडही उपटू शकते. दोन्ही पेट्या उलट्या गतीत टाकल्या म्हणजे गाडी पुढे जाते, हा गमतीचा अनुभवही या चालकांना येई. मागची चाके घसरू नयेत म्हणून त्यांवर दगड, काँक्रीट अथवा भंगाराचे वजन लादले जाई. १९३२ पासून कारखान्यांतील ट्रॅक्टरांनाही हवा भरलेल्या रबरी धावा बसू लागल्या व त्यामुळे मालमोटारीची जुनी रबरी चाके शेतात चालत नाहीत ही समजूत मागे पडली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील ट्रॅक्टरांच्या उत्पादनावर निर्बंध आले व फेब्रुवारी १९४२ मध्ये खाजगी मोटारींचे उत्पादन थांबले. डूडलबगची शेवटची भरती या वर्षांतली. युद्धानंतर नवे ट्रॅक्टर मिळू लागताच ही यंत्रे छपराखाली, मग छपराबाहेर व शेवटी पुन्हा भंगारात गेली. अमेरिकेपुरती ही कथा येथे संपते, कारण तेथील शासनाने या यंत्रांची दखल कधी घेतलीच नव्हती.

स्वीडनमध्ये मात्र शासनाने ती घेतली, आणि त्यामुळे तेथील इतिहासाला निराळे वळण लागले. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व नॉर्वे व्यापल्यावर तटस्थ स्वीडनचा पश्चिमेकडील समुद्रमार्ग जवळजवळ बंद झाला. पेट्रोलवर कडक नियंत्रण आले. खाजगी मोटारी उभ्या राहिल्या व ज्या चालत होत्या त्यांना लाकूड किंवा कोळसा जाळून वायू करणारी भट्टी लावण्यात आली; अशी वाहने युद्धकाळात सत्तर हजारांच्या वर गेली होती. अन्नधान्य तर देशातच पिकवावयाचे होते व त्यासाठी ट्रॅक्टर मिळत नव्हते. अशा स्थितीत, मोटारीपासून बनविलेले वाहन विशिष्ट अटी पाळीत असेल तर त्याला ट्रॅक्टर समजावे, अशी तरतूद युद्धाच्या आरंभीच्या वर्षांत करण्यात आली. मुख्य अट वेगाची होती. वाहन आपल्या बांधणीनेच संथ असले पाहिजे, केवळ चालकाच्या संयमाने नव्हे. येथे दोन गिअरपेट्यांची ती जुनी युक्ती कारागिराची सोय न राहता कायद्याची गरज बनली.

लोकांनी या वाहनाला ‘एपा-ट्रॅक्टर’ म्हटले. एपा ही १९३० मध्ये एरेब्रो येथे पहिले दुकान उघडणारी, ठराविक स्वस्त दराने वस्तू विकणारी दुकानांची साखळी होती. तिच्या मालाला उच्चभ्रू लोक नाके मुरडीत व तिचे नाव हलक्या प्रतीच्या कोणत्याही वस्तूस लावीत. दुकाने बंद होऊन दशके लोटली. नाव मात्र ट्रॅक्टरामुळे टिकले.

युद्ध संपल्यावर हे वाहन अमेरिकेतल्याप्रमाणेच नाहीसे व्हावयास हवे होते. शेतीच्या दृष्टीने ते झालेही. १९४६ पासून ब्रिटनमध्ये तयार होऊ लागलेला, द्रवचलित उचल असलेला राखी रंगाचा फर्ग्युसन स्वीडनमध्ये इतका लोकप्रिय झाला की शेतकरी त्याला घोड्याप्रमाणे लाडके नाव देऊन हाक मारीत. दहा वर्षांत त्याचे पाच लाखांहून अधिक नग निघाले. घरगुती ट्रॅक्टर ओढण्यात कमी नव्हता, पण अवजार उचलण्याची सोय त्याच्यापाशी नव्हती, व मालमोटारीच्या सांगाड्यावर ती घरी बसविणे सोपे नव्हते. ‘इरॉस’साठी नांगर करणाऱ्या माणसाच्या हातूनच त्या जातीच्या वाहनाची शेतातून हकालपट्टी व्हावी, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

परंतु शेतातून गेलेले हे वाहन रस्त्यावर मात्र राहिले, आणि त्याचे कारण यंत्रात नसून कायद्यात होते. मोटारीच्या परवान्यास १८ वर्षे वय लागे. ट्रॅक्टरास ही अट नव्हती. स्वीडनच्या उत्तरेकडील विरळ वस्तीच्या भागात घर, शाळा व मित्र यांच्यामध्ये कित्येक किलोमीटरचे जंगल असते व सार्वजनिक गाडी दिवसातून एखादीच. तेथील मुलांच्या ध्यानात आले की, जुन्या गाडीत दुसरी गिअरपेटी बसविली म्हणजे ती ट्रॅक्टर होते व आपल्याला चालविता येते. युद्धकाळी धान्यासाठी केलेली तरतूद अशा रीतीने शांतताकाळात तरुणांच्या हाती गेली. त्यांतील काहींना हेही उमगले की दुसरी पेटी सरळ गतीत टाकली की ट्रॅक्टर पुन्हा मोटार होतो. अपघात होऊ लागले, व ताशी ३० किलोमीटरची मर्यादा कागदावर राहिल्याच्या तक्रारी वाढल्या. त्या निराधार होत्या असे म्हणता येत नाही.

याच प्रश्नाचे भारतातील रूप पाहिले असता तुलना बोधप्रद ठरते. राजस्थान, पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेश येथे विहिरीवरील पंपाचे डिझेल एंजिन लाकडी वा लोखंडी सांगाड्यावर ठेवून, जुन्या जीपची चाके व सुकाणू लावून ‘जुगाड’ नावाचे वाहन बनविले जाते. ते नोंदलेले नसे, त्याला विमा नसे, व अपघातात सापडलेल्याला भरपाई कोणाकडून मिळावयाची हा प्रश्न राही. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुगाड हे १९८८ च्या कायद्यानुसार मोटारवाहनच होय व कायद्याच्या अटी पुऱ्या केल्याखेरीज ते रस्त्यावर चालविता येणार नाही, असा निर्णय दिला. स्वीडनने घरगुती वाहनाला आधी वर्ग दिला व मग त्याचे नियम आवळले. भारतात ते अस्तित्वात असलेल्या वर्गात कोंबले गेले, जेथे ते मावणे शक्य नव्हते. पहिल्या मार्गाने वाहन टिकले व धोकाही टिकला. दुसऱ्याने कायद्याची सुसंगती राखली, पण ज्या गरिबाच्या गरजेतून ते वाहन निघाले ती गरज होती तेथेच राहिली.

स्वीडिश शासनाने १९७५ मध्ये नव्या एपा-ट्रॅक्टरांची नोंदणी बंद केली. मात्र पूर्वी नोंदलेली वाहने चालू ठेवण्यात आली व त्यांच्या जागी ‘ए-ट्रॅक्टर’ हा अधिक कडक अटींचा वर्ग निर्माण करण्यात आला. त्यातही मर्यादा ताशी ३० किलोमीटरच राहिली व तीही बांधणीतूनच साधावयाची होती. हे काम कौशल्याचे व कष्टाचे असल्यामुळे वाहनांची संख्या आपोआप मर्यादित राही; वेल्डिंग येणारा बाप किंवा काका ज्याला असेल, त्यालाच ट्रॅक्टर मिळे. २०२० च्या नियमाने वेगावर विद्युत्‌साधनांनी नियंत्रण ठेवण्यास परवानगी दिली. दुसऱ्या गिअरपेटीची गरज संपली आणि अगदी अलीकडच्या मोटारीही थोड्या खर्चात ‘ट्रॅक्टर’ होऊ लागल्या. वाहनांची संख्या झपाट्याने वाढली, ती शहरांतूनही दिसू लागली, व त्याबरोबर अपघातांत जखमी होणाऱ्या मुलांची संख्याही वाढली. मोपेडच्या परवान्यावर १५ व्या वर्षी हे वाहन चालविता येत असे. मालाच्या हौद्यात मित्र दाटीवाटीने बसत व पट्टे कोणालाच नसत. तेव्हा २०२३ मध्ये नियम पुन्हा बदलले. आसनपट्ट्यांची सक्ती झाली व जितकी पट्टे असलेली आसने तितकीच माणसे, असे ठरले.

या साऱ्या फेरफारांत एक अट कायम राहिली आहे. मुख्यतः दुसरे वाहन वा अवजार ओढण्यासाठी योजिलेले वाहन अशीच ए-ट्रॅक्टरची कायदेशीर ओळख असल्याने, त्याच्या पाठीमागे जोडणीचा आकडा असलाच पाहिजे.